गावचं टेसन पडायच्या आत लिहून काढू या

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी.

पोळ्याला गावी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आटोपला, पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरून आली, आणि संध्याकाळी मी स्टेशनाकडे निघालो. वाटच सापडेना. लहानपणी ज्या वाटेनं आम्ही अंधारातही पळत जायचो, तिथे छातीएवढा तरोटा आणि गाजरगवत. शेवटी चाचपडत रूळ शोधला आणि रुळावरूनच चालत गेलो.

मागची भिंत उभी आहे. फलाटाकडचं छप्पर खाली आलंय. कौलं गेली, वासे गेले. कोपऱ्यात पिंपळ रुजलाय, त्याच्या मुळानं दगडांचा सांधा वीतभर फाकवलाय. अजून दोन पावसाळे, फार तर तीन. म्हणून हा धागा काढतोय. ज्यांना जे आठवतंय ते इथे लिहा, किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावर, कारंज्याच्या पुढे आणि दारव्ह्याच्या अलीकडे, एवढं पुरे. खिडक्यांचे गज आणि टाकीचा पाइप आधीच कापून नेलाय. भंगारवाल्यांना आणखी पत्ता नको.

ज्यांना हा मार्ग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. लोक हिला शकुंतला म्हणतात. रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिमी. मोठ्या लाइनचं साडेपाच फूट असतं. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला जातो, ११३ किमी, आणि दुसरा उत्तरेला अचलपूरला, ७६ किमीच्या आसपास. वर्ध्याकडचा पुलगाव–आर्वी हा ३५ किमीचा तुकडाही याच कुटुंबातला, १९१७ चा. मालक सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी. मुंबईच्या किलिक निक्सन पेढीनं ती १९१० मध्ये उभी केली. तापी व्हॅली रेल्वेचा कारभारही याच पेढीकडे होता. गाड्या चालवायची जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. आमच्याकडे पारावर सगळे ही लाइन सुरू झाल्याचं साल १९०३ सांगतात. कंपनीच १९१० ची, त्यामुळे मला ते पटत नाही आणि मी ते वापरणार नाही.

हे सगळं कशासाठी, तर कापसासाठी. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि सगळ्यांच्या नजरा वऱ्हाडाकडे वळल्या. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होताच. जीआयपीची मुख्य लाइन १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. आमच्या भागाला मात्र पुढेही कितीतरी वर्षं रेल्वे नव्हती. यवतमाळकडचा कापूस बंड्यांवर लादून धामणगावच्या स्टेशनापर्यंत न्यावा लागे. ते अंतर मोडायला ही छोटी लाइन आली.

आता जे मला या वेळी पहिल्यांदा नीट दिसलं ते सांगतो. आमच्या स्टेशनात दोन फलाट आहेत असं आम्ही लहानपणी म्हणायचो. दुसरा फलाट नाहीच, तो मालधक्का आहे. घडीव काळ्या दगडाचा, डब्याच्या दाराला बरोबर लागेल एवढा उंच, एका टोकाला बंडी वर चढवायला उतार. एक दगड हललेला नाही. आणि माणसांचा फलाट? मुरूम टाकलेली जमीन, कडेला एका ओळीत दगड. माझी आई गरोदरपणात डब्याच्या पायरीवर गुडघा टेकून चढायची. बांधणाऱ्यानं कापसासाठी दगड घडवले आणि माणसांसाठी मुरूम टाकला. तरीही ते स्टेशन शेवटी माणसांचंच झालं. ते कसं झालं, हे मला लिहून ठेवायचंय.

बंडीवाला

पऱ्हाटी भाऊ, लय चांगलं काम हाती घेतलं तुमी. आमचं गाव तुमच्या टेसनापासून तीन कोस असंन. ओयखलं मी कोनतं गाव होय थे, पन सांगत नाही.

आमचा आबाजी सांगे थे लिवतो. दसरा झाला का वेचा सुरू. पयल्या दिवशी सीतादही. वावरात दहीभात ठेवाचा, पऱ्हाटीले हयद-कुकू वाहाचं, मंगच बाया वेचाले लागत. कापूस जमला का बंडीले चारी बाजूनं तट्टे बांधत, अन् आत पोट्टे उतरवून कापूस तुडवून घेत. आबाजीचं लहानपनीचं कामच थे. म्हने का कापसात गुडघ्यालोक जाये, वरून माय अजून टाके, नाकातोंडात तंतू, अन् खाली उतरलं का अंग नुसतं खाजवे.

रातच्याले बंड्या निंगत. दहा-बारा संग, चोराच्या भेवानं. बंडीखाली कंदील बांधेल. पायटी जिनात, म्हंजे सरकी काढाच्या कारखान्यात. तुमच्या टेसनामांगं जिनाची चिमनी होती ना? तिथं सरकी निंगाची, रुईची गठान बनाची. एक गठान ४०० पौंडाची. चार हमाल लागत. मंग थे मालधक्क्यावर, अन् बंडी वापस येतानी बैलाइसाठी सरकी.

एक गोष्ट आबाजी नेहमी सांगे. गाडी शिट्टी मारे तवा बैल बुजत, म्हनून टेसनाजवय आले का धुरकरी, म्हंजे बंडी हाकनारा, खाली उतरून बैलाच्या कानावर हात ठेवे. शिट्टी थांबलोक. थो हे सांगतानी स्वतःच्या कानावर हात ठेवून दाखवे.

पऱ्हाटी

बंडीवाला भाऊ, चिमणी होती. अर्धी पडली, बाकीची विटांसाठी लोकांनीच उतरवली. कानावर हात ठेवायची गोष्ट मी वहीत लिहून घेतली.

निवृत्त गार्ड

मी या मार्गावर काही वर्षं गार्ड होतो. आता बडनेऱ्यात असतो. कामाबद्दल लिहितो, कारण ते सांगणारी माणसं कमी होत चाललीत.

वाफेचं इंजिन झेडडी जातीचं. १९२१ साली मँचेस्टरला बनलं, १९२३ पासून आमच्याकडे राबलं आणि १५ एप्रिल १९९४ ला थांबलं. म्हणजे ७० वर्षांवर. पुढे डिझेल आलं. वाफेचं इंजिन हे रोज समजून घ्यायचं जनावर. कोळसा ओला असला की गुरगुरायचं. उन्हाळ्यात टाकीला पाणी कमी असलं की ड्रायव्हरचा जीव टांगणीला. पाणी भरायला गाडी थांबली की गावातल्या बायका घागरी घेऊन यायच्या आणि आम्ही नाही म्हणायचो नाही.

माणसं मोजकी. पुष्कळ स्टेशनांवर शेवटी शेवटी कोणी उरलंच नव्हतं, तिकीट गार्डच द्यायचा. फाटकावर फाटकवाला नाही. गाडी फाटकाच्या अलीकडे उभी करायची, एकानं उतरून रस्ता बंद करायचा, गाडी पलीकडे काढायची, पुन्हा थांबवायची, त्यानं फाटक उघडून पळत येऊन चढायचं. असं प्रत्येक फाटकाला. वेग ताशी २० किमीच्या आसपास. गाडी हळू होती म्हणून लोक हसत, पण तिच्यात चढलेल्या माणसाला आम्ही कधी मागे सोडलं नाही. बाई लांबून हात दाखवत पळत येताना दिसली की ड्रायव्हर आपोआप थांबायचा.

तिकीट पुठ्ठ्याचं, जेमतेम सव्वादोन इंच लांब. तारखेचं लोखंडी यंत्र असायचं, त्यात तिकीट घातलं की खट्ट आवाज. पोरं तो आवाज ऐकायला खिडकीशी उभी राहायची. पुठ्ठ्याचं अर्धं तिकीट मुलांचं असतं हे तुम्हाला आठवत असेल, कोपऱ्यातून कापून द्यायचो.

मूर्तिजापूरला सगळा माल छोट्या डब्यातून मोठ्या डब्यात चढवावा लागे, कारण रूळ वेगळे. गठाण इथे एकदा हातानं चढवली, तिथे पुन्हा हातानं उतरवली आणि पुन्हा चढवली. ट्रक आल्यावर व्यापाऱ्याला हे कशाला परवडणार? जिनातून भरला की थेट मुंबई. १९७२ पासून कापूस एकाधिकार योजनेत सरकारी खरेदी केंद्रांवर जाऊ लागला, तेव्हा ओढा रस्त्याकडेच होता. मालधक्के ओस पडले ते असे. गाडी त्यानंतरही कित्येक वर्षं फक्त माणसांसाठी धावली.

अंजनगावची लेक

मी अचलपूर फाट्यावरची. माहेर अंजनगाव सुर्जी, सासर दर्यापूरकडे. आमच्या बाजूला दर्यापूरच्या स्टेशनाला बनोसा म्हणत.

आमच्या गाडीला कापसाचा नाही, पानांचा वास. अंजनगावचे पानमळे आणि पानपिंपळी प्रसिद्ध. पानांच्या करंड्या ओल्या गोणपाटात बांधून डब्यात ठेवलेल्या असत, आणि उन्हाळ्यात आम्ही मुली मुद्दाम त्या करंड्यांना टेकून बसायचो, गारव्यासाठी. करंडीवाला ओरडायचा नाही, फक्त म्हणायचा, ‘मायवं, दाबू नको, पानं काळी पडतीन.’

लग्नानंतर पहिल्या दिवाळीला बाबा घ्यायला आले ते याच गाडीनं. बस लवकर पोचवायची, भाडं मात्र जास्त. पण खरं कारण वेगळं होतं. बसमध्ये बाबांशी बोलता यायचं नाही. गाडीत ते समोर बसले आणि दोन तास मला एकेक गोष्ट विचारत राहिले. सासरी कोणी काही बोलतं का, पोटभर जेवतेस का. घरी पोचल्यावर आईसमोर आणि भावांसमोर त्यांनी हे कधीच विचारलं नसतं.

गाडगेबाबांचं जन्मगाव शेंडगाव आमच्याच तालुक्यात, आणि मूर्तिजापूरला त्यांनी धर्मशाळा बांधली. अडलेले प्रवासी तिथे मुक्काम करत. पऱ्हाटी दादा, तुमच्याकडच्या गाडीला कारंज्याच्या गुरुमंदिराचे भक्त असत ना? तेही लिहा.

पऱ्हाटी

हो ताई, पौर्णिमेला गाडी भरून. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून लांबून लांबून लोक येत. आमच्या गावातल्या बायका सकाळच्या गाडीनं जाऊन दर्शन घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परत. पुरुष माणूस सोबत नसला तरी चालायचं, कारण गार्ड ओळखीचा, डब्यातली निम्मी माणसं ओळखीची. बायकांना एकट्यानं गावाबाहेर जायची परवानगी या गाडीनं मिळवून दिली, असं माझी आई म्हणते.

तुमच्या बाबांची गोष्ट वाचून थोडा वेळ पुढे काही लिहिता आलं नाही.

काळी माती

भावना समजतात, पण एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. गाडी येणार नाही हे आता सगळ्यांना कळलंय. ती रुळांची पट्टी गावाच्या मधून जाते. रूळ काढून तिथे पांदण रस्ता केला तर शंभर शेतकऱ्यांचा माल पावसाळ्यात निघेल. माझा स्वतःचा संत्रा दोन वर्षं चिखलात अडकला. जुन्या दगडांपेक्षा मला रस्ता महत्त्वाचा वाटतो. आणि इतकी वर्षं कोणी दुरुस्ती का केली नाही, हेही कोणी सांगावं.

निवृत्त गार्ड

काळी माती, प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या भागाचं उत्तर मी देतो.

जीआयपी १९२५ मध्ये सरकारच्या हाती आली. ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे झाली, जीआयपी तिच्यात गेली. देशातल्या बाकीच्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण आमचा मार्ग खासगी कंपनीच्या नावावर राहिला. म्हणजे इंजिन, डबे, ड्रायव्हर, गार्ड रेल्वेचे, आणि खालचे रूळ-जमीन कंपनीची. ज्याची गाडी त्याचा मार्ग नाही, ज्याचा मार्ग त्याची गाडी नाही. भाड्याच्या घरासारखं समजा. भाडेकरू म्हणतो कौलं घरमालकानं बदलावीत, घरमालक म्हणतो भाड्यात भागत नाही. मी कुणा एकाला दोष देत नाही, करारच तसा होता. स्लीपर कुजत गेले तसा वेग कमी, वेग कमी म्हणून प्रवासी कमी, प्रवासी कमी म्हणून खर्च कशाला. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना हा मार्ग रुंद करायची घोषणा झाली होती, तेव्हा मूर्तिजापूरला लोकांनी पेढे वाटले.

पऱ्हाटी

काळी माती, राग नाही. माझ्या भावाचीही तूर पावसात अशीच अडकलेली आहे. रस्त्याला माझा विरोध नाही. पट्टी लांब आहे आणि स्टेशन तिच्या कडेला अर्ध्या एकरात. रस्ता झाला तरी ते अर्धं एकर राहू शकतं. पण उद्या जेसीबी आला तर चालकाला कोण सांगणार की हा धक्का आहे, हा मुरुमाचा ढीग नाही? कागदावर काही असेल तरच सांगता येईल.

काळी माती

अर्धा एकर सोडायला माझी हरकत नाही. ग्रामसभेत बोलायचं असेल तर मी तुमच्या बाजूनं उभा राहीन.

उमरेडकर

आमच्याकडं झाडीत, म्हणजे पूर्व विदर्भात, असंच झालं जी. नागपूर–नागभीड छोटी लाइन, १९०८ ची, बंगाल नागपूर रेल्वेनं बांधलेली. नोव्हेंबर २०१९ मधी बंद झाली, रुंद करायसाठी. भिवापूरची मिरची त्याच गाडीनं नागपूरला जाये, सगळा डबा शिंकत राहे. मी शेवटच्या आठवड्यात मुलाला घेऊन बसलो. मोठी गाडी येईल, चांगलंच आहे. पण छोटी स्टेशनं मोठ्या गाडीला लागत नाहीत. तुमचं लिहून ठेवा जी, आम्ही उशीर केला.

मेळघाटी

अकोट–खंडवा मीटर गेजही १ जानेवारी २०१७ पासून बंद. धुळघाटला रूळ स्वतःवरूनच वळसा घालून चढतो, तो आता जंगलात तसाच पडून आहे. तिथल्या कोरकू पाड्यांना रस्त्यापेक्षा गाडी जवळ होती. वेगळा धागा काढेन, इथे गर्दी नको.

सिव्हिलवाला

जुन्या बांधकामांवर काम करतो, म्हणून चार कामाच्या गोष्टी.

पिंपळ उपटू नका, पऱ्हाटी. मूळ भिंतीच्या पोटात गेलेलं असतं, ओढलं की दगडासकट भिंत अंगावर येईल. खोड बुडाशी कापा, पुन्हा फुटेल, पुन्हा कापा. सांधे चुन्याचे असणार, नखानं खरवडून बघा, पांढरी भुकटी निघते. त्यात कुणी हौसेनं सिमेंट भरू देऊ नका. सिमेंट ओल अडवतं आणि दगडच फुटतो.

मोजमाप घ्या. टेप, वही, दोन माणसं. आधी बाहेरून चार बाजू, मग कर्ण, मग दारं-खिडक्या. मालधक्क्याची रुळापासूनची उंची जरूर घ्या, तुमचा मुद्दा तिथेच सिद्ध होतो. फोटो काढताना शेजारी काठी उभी ठेवा, म्हणजे माप कळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रुळाच्या पोटावर, म्हणजे उभ्या भागावर, उठावदार अक्षरं असतात. कारखान्याचं नाव, साल, कधी वजनाचा आकडा. गंजात दिसत नाहीत. तारेच्या ब्रशनं हलकं घासा आणि पांढरा खडू आडवा फिरवा, अक्षरं उमटतात. १९०३ की १९१०, हा वाद पारावर मिटत नसेल तर रुळाला विचारा. अर्थात रूळ नंतर बदललेले असू शकतात, म्हणून एकाच जागी नाही, बाजूच्या जुन्या लाइनीवरही बघा. मालधक्क्याजवळचे रूळ सहसा कोणी बदलत नाही.

बंडीवाला

अरे, मंग आमच्या शायेतली घंटा! टेसनात रुळाचा तुकडा टांगेल राहे, गाडी निंगाली का त्यावर ठोका. टेसन बंद पडल्यावर तो आमच्या गावच्या शायेत आनला. अजून त्याच्यावरच शाया भरते. त्याच्यावर काही लिवलं हाये का पाहाले पायजे.

निवृत्त गार्ड

तीन ठोके पडले म्हणजे गाडी मागच्या स्टेशनाहून सुटली, आमच्याकडे असा रिवाज होता. तो तुकडा सापडला याचा फार आनंद झाला.

पऱ्हाटी

काल पुन्हा गेलो होतो, या वेळी आईला घेऊन. तिचे गुडघे दुखतात, भावानं बैलबंडीनं फाट्यापर्यंत आणलं आणि पुढे आम्ही दोघांनी धरून नेलं. मी तिला छप्पर, पिंपळ, धक्का दाखवत होतो, तिचं लक्षच नव्हतं. ती थेट तिकीट खिडकीशी गेली आणि म्हणाली, ‘इथं हात लाव.’

खिडकीच्या उंबऱ्याला एक आडवा दगड आहे. त्याच्या मधोमध खळगा. डोळ्याला दिसत नाही, बोट फिरवलं की कळतो. सकाळच्या पावसाचं चमचाभर पाणी त्यात थांबलं होतं. पैसे सरकवून सरकवून झालेला. आई म्हणाली, मोठी नाणी होती तोवर घासल्याचा आवाज यायचा, मास्तर मान वर न करता आवाजावरून ओळखायचा किती पैसे आले. तिनं पदराच्या टोकानं ते पाणी पुसलं आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

मग तिनं बसायची जागा दाखवली. बायकांची कडुनिंबाखाली, पुरुषांची टाकीजवळ. बाकडं नव्हतंच. ज्या दगडावर ती बसायची तो अजून तिथेच आहे, तणात. या खेपेला ती बसली तेव्हा मी फोटो काढला, सिव्हिलवाल्यांनी सांगितलं तसा शेजारी काठी ठेवून.

दुसरं, कळंबपर्यंत मोठी गाडी आलीच आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किमीच्या नव्या मार्गावर वर्धा–कळंब तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. यवतमाळला पुन्हा रेल्वे येईल, दुसऱ्या बाजूनं. आईला सांगितलं तर तिनं विचारलं, कारंज्याला जाते का?

येत्या रविवारी मोजमाप करायचं ठरवलंय. सकाळी सात वाजता, ऊन चढायच्या आत. मी ३० मीटरचा टेप आणि वही आणतो. गावातली दोन पोरं येतो म्हणाली. गार्ड काका, तुम्हाला बडनेऱ्याहून यायचं तर मूर्तिजापूरला गाडी पाठवतो, फक्त कळवा. सापाचं भेव आहे, सगळ्यांनी बूट घालून या.

निवृत्त गार्ड

येतो. जुनं तिकीट पंच करायचं यंत्र माझ्याकडे नाही, पण कामाची डायरी आहे. घेऊन येतो.

काळी माती

ट्रॅक्टर घेऊन येईन, वाट तरी मोकळी होईल. धक्क्याला हात लावणार नाही.

बंडीवाला

मीबी येतो. इळे दोन आनतो. येतानी शायेत थांबून घंटा पाह्यतो, गुर्जींले विचारून ठेवलं हाये. खडू तिथूनच आनतो.